सात तुकडे आणि त्यांचें खोटें पुराण

एखाद्या वस्तूला प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची झाली, म्हणजे तिच्या अंगावर प्राचीनत्वाची शाल घालण्याची चाल फार जुनी आहे. घराण्याला सूर्यवंश, लेण्याला पांडव, देवळाला एका रात्रींत झालेली बांधणी आणि काढ्याला एखादा ऋषि जोडून दिला, कीं पुढें कोणी फारशी चौकशी करीत नाहीं. थोरामोठ्यांच्या बाबतींत हें चालावयाचेंच. परंतु पुठ्ठ्याच्या सात तुकड्यांच्या पोरखेळालाहि असा वंशवृक्ष जोडण्यांत यावा, त्यावर जाणत्या माणसांनीं विश्वास ठेवावा, आणि तो बनावट असल्याचें उघडकीस येऊन शंभरांवर वर्षें लोटलीं तरी तो अद्यापि सांगितला जावा, हें थोडें नवलाचें आहे. ज्या खेळाविषयीं ही गोष्ट घडली तो टॅनग्रॅमचा खेळ मुळीं 'दिसतें तसें नसतें' हेंच शिकविणारा आहे; म्हणून हें नवल दुप्पट.

ज्यांना ह्या खेळाची ओळख नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याचें स्वरूप सांगतों. एका चौरसाचे सरळ रेषांनीं सात तुकडे करावयाचे: पांच त्रिकोण, एक लहान चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. पांचहि त्रिकोण एकाच घडणीचे, म्हणजे चौकोनी रुमाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला असतां होतो तशा आकाराचे. मात्र त्यांत दोन मोठे, एक मधला आणि दोन लहान. लहान त्रिकोण हें एक माप धरलें, तर मधला दोन मापांचा, मोठा चार मापांचा, आणि चौरस व समांतरभुज चौकोन प्रत्येकीं दोन मापांचे भरतात. सर्वांची बेरीज सोळा. नियम दोनच. सातहि तुकडे वापरले पाहिजेत, आणि एकावर दुसरा चढतां कामा नये. पुस्तकांत नुसती काळी छाया दिलेली असते: हंस, होडी, दिवा, धांवणारा मनुष्य. कोणता तुकडा कोठें बसला आहे हें दाखविणाऱ्या रेषा तींत नसतात. त्या छायेच्या पोटांतून सात तुकडे ओळखून काढणें, एवढाच खेळ.

आतां त्याचें पुराण. सॅम लॉइड (१८४१–१९११) हा अमेरिकेंतील कोड्यांचा मोठा कारागीर. बुद्धिबळाच्या कोड्यांपासून त्यानें आरंभ केला, पुढें जाहिरातींसाठीं चित्रकोडीं काढून तो प्रसिद्धीस आला. लोकांना गोड फसविणें हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. पंधरा सोंगट्यांचें सरकतें कोडें आपणच शोधून काढलें, असें तो सांगत असे; तेंहि खरें नव्हतें. ह्या गृहस्थानें १९०३ सालीं 'तानचें आठवें पुस्तक' प्रसिद्ध केलें. त्यांतील कथा अशी, कीं चार हजार वर्षांपूर्वीं चीनमध्यें तान नांवाच्या देवतुल्य पुरुषानें हा खेळ निर्माण केला व त्याचे सात ग्रंथ रचिले. सृष्टीची उत्पत्ति आणि प्राणिमात्राचा क्रमविकास हा सारा इतिहास त्यांतील आकृतींमध्यें गोंविला आहे, म्हणजे डार्विनच्या आधीं हजारों वर्षें तानदेव तेथें जाऊन पोंचले होते! हे सात ग्रंथ अत्यंत दुर्मिळ असल्यामुळें वाचकांनीं लॉइडच्या आठव्यावर समाधान मानावयाचें. हवाला एका दिवंगत प्राध्यापकाच्या कागदपत्रांचा. तो प्राध्यापकहि लॉइडच्याच कारखान्यांतला.

थट्टा म्हणून ही रचना मोठी नामी आहे. परंतु लोकांनीं ती थट्टा म्हणून घेतली नाहीं. इंग्लंडांतील हेन्री ड्यूडनी हा लॉइडच्या तोडीचा, किंबहुना गणितांत त्याच्याहून खोल असलेला कोडेकार. तोहि प्रथम ह्या कथेला भुलला. तिचें बिंग फोडलें तें इतिहासकारांनीं नव्हे, गणितज्ञांनींहि नव्हे, तर एका कोशकारानें. ऑक्सफर्डच्या विख्यात इंग्रजी कोशाचे संपादक सर जेम्स मरे ह्यांना तानदेवाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. शब्द कोशांत घ्यावयाचा तर तो प्रथम कोठें आढळतो हें पाहिल्यावांचून ते पुढें जात नसत, इतकेंच. त्यांचे एक चिरंजीव चीनमध्यें अध्यापक होते. त्यांच्यामार्फत तेथील पंडितांकडे विचारणा झाली. तान नांवाचा देव, त्याचे सात ग्रंथ, चार हजार वर्षें, ह्यांपैकीं कशाचाच कोणाला पत्ता नव्हता. मरे ह्यांनीं १९१० सालीं हें ड्यूडनीला कळविलें, आणि ड्यूडनीनें आपल्या १९१७ च्या ग्रंथांत तें पत्र प्रामाणिकपणें छापिलें. फसलेल्या मनुष्यानें आपणच आपली फसगत छापावी, असें वारंवार घडत नाहीं. ड्यूडनीविषयीं आदर वाटतो तो ह्यामुळें.

'टॅनग्रॅम' हा शब्दहि चिनी नाहीं. पुढें हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले थॉमस हिल ह्यांनीं १८४८ सालीं मुलांसाठीं भूमितीच्या कोड्यांचें एक पुस्तक लिहिलें, त्यांत तो आढळतो. चीनमध्यें ह्या खेळाला 'चि च्याओ पान' म्हणतात. सात चातुर्यांची पाटी, असा त्याचा अर्थ.

मग खरें वय किती? ह्या खेळाचा जो सर्वांत जुना चिनी ग्रंथ आज ज्ञात आहे, तो इ. स. १८१३ चा. त्याच्या कर्त्यानें आपलें नांव दिलें नाहीं. 'तुतीच्या झाडाखालचा पाहुणा' अशा अर्थाचें टोपणनांव तेवढें दिलें आहे. ग्रंथाच्या आधीं खेळ थोडा काळ चालत आला असला पाहिजे हें उघड आहे, कारण १८०२ च्या सुमारासच फिलाडेल्फियाच्या एका व्यापारी घराण्यांत त्याचा हस्तिदंती संच पोंचला होता. पण 'थोडा काळ' म्हणजे चार हजार वर्षें नव्हेत. १८१५ सालीं 'ट्रेडर' नांवाच्या अमेरिकन गलबताचे कप्तान डॉनल्डसन ह्यांना कँटन बंदरांत ह्याच 'पाहुण्या'चीं दोन पुस्तकें भेट मिळालीं. १८१६ च्या फेब्रुवारींत तीं फिलाडेल्फियास उतरलीं, आणि त्यांवरून पहिलें अमेरिकन पुस्तक निघालें. १८१७ सालीं लंडनच्या वॉलिस मंडळींनीं एक सुबक पुस्तक काढिलें व पदच्युत बादशहा नेपोलियन ह्याचा हा आवडता खेळ असल्याचें त्यांत जाहीर केलें. (ग्राहक मिळविण्याची ही युक्ति तान देवाच्या युक्तीची थोरली बहीणच.) त्या आणि पुढल्या वर्षीं युरोपांत ह्या खेळाचें अक्षरशः वेड पसरलें, फ्रान्समध्यें तर त्या वेडाचीं व्यंगचित्रें निघालीं. चहा, रेशीम व चिनी मातीचीं भांडीं वाहून आणणाऱ्या गलबतांच्या पोटांतून हे सात तुकडे आले, आणि कोणाहि देवाच्या साहाय्यावांचून दोनतीन वर्षांत त्यांनीं दोन खंडें जिंकलीं.

परंतु ह्यावरून हा खेळ आकाशांतून पडला असें मात्र कोणी समजूं नये. त्याचे पूर्वज आहेत, आणि ते देवळांत नसून दिवाणखान्यांत सांपडतात. सुंग राजवटीच्या काळांत ह्वांग पो-सु नांवाच्या रसिक पंडिताच्या नांवावर मोडणारी मेजवानीच्या मेजांची एक रचना आहे. दोन लांब, दोन मध्यम आणि तीन आंखूड अशीं सात आयताकृति मेजें. पाहुणे किती आणि प्रसंग कोणता हें पाहून तीं निरनिराळ्या रीतींनीं मांडावयाचीं. पुढें मिंग काळांत, १६१७ सालीं, को शान ह्यानें 'फुलपांखराच्या पंखां'चीं तेरा मेजें योजिलीं. त्यांत त्रिकोण आले, तिरकस कडा आल्या, आणि मांडण्यांची संख्या शंभरावर गेली. मेजें लहान करून हातांत घेतलीं कीं सात तुकड्यांचा खेळ फारसा दूर राहत नाहीं. हा वंश तर्कानें जोडलेला आहे हें खरें. पण ह्या तर्काला लांकूड आहे, कागद आहे, साल आहे. गमतीची गोष्ट अशी, कीं पुढें एकोणिसाव्या शतकांत चीनमध्यें ह्या सात तुकड्यांच्या आकाराच्या तबकड्या आणि मेजें बनूं लागलीं. म्हणजे खेळ पुनः जेवणघरांत परतला.

मेजांच्या मागें आणखी एक जुनी विद्या उभी आहे. आकृति कापावी, तिचे तुकडे दुसरीकडे मांडावे, आणि क्षेत्रफळ तेंच राहतें ह्या एका गोष्टीच्या बळावर सिद्धान्त बांधावा, ही ती विद्या. इ. स. २६३ मध्यें लिउ ह्वेइ ह्यानें जुन्या चिनी गणितग्रंथावर भाष्य लिहितांना हीच रीत पदोपदीं वापरली. काटकोन त्रिकोणाचा सुप्रसिद्ध सिद्धान्त घ्या. चार सारखे काटकोन त्रिकोण असे मांडावे, कीं त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूस येऊन एक मोठा चौरस होईल. मध्यें एक लहानशी चौरस खिडकी उरते, आणि तिची बाजू म्हणजे भुज व कोटि ह्यांचें अंतर. भुज १५ व कोटि २० धरा. प्रत्येक त्रिकोण १५० चा, चारांचे ६००; खिडकी ५ गुणिलें ५, म्हणजे २५; एकूण ६२५, आणि २५ चा वर्ग तेवढाच. ही आकृति तिसऱ्या शतकांतील चिनी भाष्यकार चाओ श्वांग ह्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि हीच आकृति बाराव्या शतकांत आपल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितांत येते. चाळीसगांवानजीक पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शके ११२८ च्या दानाचा शिलालेख आहे; आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला. त्या मठांत कोणा विद्यार्थ्यानें भूर्जपत्राचे किंवा पानांचे चार त्रिकोण कापून जमिनीवर मांडले असतील काय, हा विचार मनांत येतो खरा. पण तो विचारच. त्याला मी पुरावा म्हणत नाहीं.

भास्कराचार्यांच्याहि पूर्वीं, ख्रिस्तशकापूर्वीं कित्येक शतकें, आपल्याकडील शुल्बसूत्रकारांनीं आकृतींची मांडणी हा जिवाचा प्रश्न करून ठेविला होता. श्येनचिति म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची यज्ञवेदी. तिचें क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष, थर पांच, प्रत्येक थरांत दोनशें विटा, एकूण एक हजार. विटा ठरलेल्या घडणीच्या, त्यांचे अर्धे व पाव तुकडे त्रिकोणी. आणि एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येतां कामा नये, हा कडक नियम. जो गवंडी भिंत बांधतो त्याला ह्या नियमाचें इंगित सांगावयास नको. त्या थरांची मांडणी करणें हें कोडेंच होतें, आणि चुकलें तर यज्ञ बिघडला. त्या कोड्याच्या पोटीं दोन चौरसांचा एक चौरस करणें, आयताचा चौरस करणें, चौरसाच्या बाजूवरून कर्ण काढणें ह्या रीति बौधायनांनीं दिल्या. बाजूंत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि ह्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा, म्हणजे कर्ण मिळतो. हा नियम दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत बरोबर उतरतो. १९७५ सालीं केरळांतील पांजाळ येथें अशी पक्षिरूप वेदी पुनः रचण्यांत आली, तेव्हां जगभरच्या अभ्यासकांनीं ती विटेविटेनें नोंदून ठेविली.

इतकें सारें असतां, टॅनग्रॅम हा शुल्बसूत्रांतून निघाला असें कोणी उत्साही गृहस्थ उद्यां लिहूं लागतील, तर त्यांना एक विनंति आहे. त्यांनीं तसें लिहूं नये. तें तानचें नववें पुस्तक होईल. शुल्बसूत्रांना कोणत्याहि खेळण्याचें आजोबापण मिळवून देण्याची गरज नाहीं, आणि खेळण्यालाहि त्यांच्या आशीर्वादावांचून चालतें.

जुनेपणाचीच हौस असेल तर ती भागविणारें एक खरोखर प्राचीन कोडें आहे, पण तें ग्रीकांचें. 'स्टोमॅकियन' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या कोड्यांत एका चौरसाचे चौदा तुकडे असतात, आणि त्यावर आर्किमिडीजनें लिहिलें होतें. तें लिखाण दहाव्या शतकांत एका चर्मपत्राच्या पोथींत उतरविलें गेलें. १२२९ सालीं एका धर्मोपदेशकानें तीं पानें खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. आणि १९०६ सालीं हायबर्ग ह्या डॅनिश पंडितानें कॉन्स्टँटिनोपल येथें त्या प्रार्थनांच्या खालून आर्किमिडीज वाचून काढिला. हें कोडें रोमन लोकहि खेळत: चौथ्या शतकांतील कवि ऑसोनियस ह्यानें त्यांतून हत्ती, रानडुक्कर, उडता हंस अशा आकृति होत असल्याचें नमूद केलें आहे. २००३ सालीं पोथीचा नव्यानें अभ्यास झाला तेव्हां असा तर्क पुढें आला, कीं आर्किमिडीजला आकृतींत गोडी नव्हती. हे चौदा तुकडे पुनः चौरसांत किती रीतींनीं बसतील, हें त्याला मोजावयाचें होतें. त्याच वर्षीं यंत्राच्या साहाय्यानें ती मोजणी झाली. उत्तर १७,१५२, नुसत्या फिरविण्यानें व उलटविण्यानें होणारे भेद सोडले तर ५३६.

हे खेळ मनाला काय शिकवितात, ह्याविषयीं खेळण्यांच्या जाहिराती जें सांगतात त्यावर तान देवाइतकाच विश्वास ठेवावा. तरीहि कांहीं शिकवितात, हें ज्यानें अर्धा तास ते हाताळले त्याला पटवावें लागत नाहीं. नवशिक्या मनुष्य छाया पाहतो, आणि तिचें डोकें चौकोनी दिसलें कीं तेथें चौरस ठेवून मोकळा होतो. उरलेले सहा तुकडे मग कांहीं केल्या बसत नाहींत. दोनतीन वेळां फजिती झाल्यावर त्याला कळूं लागतें, कीं आरंभ लहान तुकड्यांपासून नव्हे, दोन मोठ्या त्रिकोणांपासून केला पाहिजे. सोळांपैकीं आठ मापें तेच अडवितात, आणि ते मावतील अशा जागा छायेंत फार थोड्या असतात. 'हा येथें बसेल काय' ह्या प्रश्नाच्या जागीं 'हा येथें बसूंच शकत नाहीं' हा विचार येतो, आणि खेळाचें रूप पालटतें. दुसरी अडचण समांतरभुज चौकोनाची. सातांपैकीं हा एकच तुकडा असा आहे, कीं पालथा केल्यावर त्याचें तोंड बदलतें. बाकीचे नुसते फिरविले तरी काम भागतें. हें ध्यानांत येईपर्यंत पुष्कळ लोक पुस्तकाला छपाईच्या चुकीचा दोष देतात.

आणि तिसरी गोष्ट ती फसव्या जोड्यांची. ड्यूडनीनें दिलेल्या दोन माणसांच्या छाया प्रसिद्ध आहेत: दोघेहि सारखेच दिसतात, दोघेहि सातहि तुकड्यांचे, पण एकाला पाऊल आहे आणि दुसऱ्याला नाहीं. मग पाऊल गेलें कोठें? पाहणारा पायांकडे पाहत राहतो, आणि तेथें उत्तर नाहीं. पाऊल नसलेल्या मनुष्याचें धड किंचित् मोठें आहे; पावलाचें क्षेत्रफळ तेथें पसरून गेलें आहे. डोळा म्हणतो 'सारखेच', सोळा मापांची बेरीज म्हणते 'शोध'.

शिक्षणशास्त्रज्ञांनीं ह्या दिशेनें बरेंच काम केलें आहे. हॉलंडमधील पिएर व डीना व्हान हीले ह्या दांपत्यानें १९५७ सालच्या आपल्या प्रबंधांत असें दाखविलें, कीं मूल प्रथम आकृति एकसंध चेहऱ्यासारखी ओळखतें, मग तिचे गुण वेगळे काढतें, आणि त्यानंतरच एका गुणावरून दुसरा अनुमानितें. मधली पायरी गाळून व्याख्या पाठ करविल्या तर भूमिति डोक्यांत शिरत नाहीं. ह्याच पिएर व्हान हीले ह्यांनीं १९९९ सालीं, टॅनग्रॅमहून निराळ्या घडणीच्या पण सातच तुकड्यांच्या, एका कोड्यावरून भूमितीचा आरंभ कसा करावा हें लिहिलें. २०१२ च्या एका अमेरिकन पाहणींत ५३ मुलांना दोन ते चार वर्षांच्या वयांत घरीं खेळतांना न्याहाळलें. जीं चित्रतुकडे जुळविण्याचा खेळ खेळत, तीं पुढें साडेचार वर्षांचीं झालीं तेव्हां आकृति मनांत फिरविण्याच्या परीक्षेंत सरस ठरलीं. खेळामुळें सरस झालीं, कीं मुळांत सरस म्हणून खेळत होतीं, हें मात्र अशा पाहणीवरून ठरत नाहीं. २०१३ सालीं २१७ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्याचा निष्कर्ष अधिक भक्कम आहे: अवकाश व आकार ह्यांविषयींची जाण सरावानें वाढते, टिकते, आणि ज्या कामाचा सराव केला नाहीं तेथेंहि कांहीं अंशीं उपयोगी पडते. मुलगा टॅनग्रॅम खेळला म्हणजे गणितज्ञ होईल असें ह्यांतून निघत नाहीं. आकृति मनांत वळवितां येणें ही जन्मतः मिळालेली अढळ देणगी नव्हे, एवढें निघतें. आणि ज्या शाळांत भूमिति अजूनहि घोकली जाते तेथें एवढेंहि पुष्कळ आहे.

आतां ह्या खेळाच्या इतिहासांतील जें प्रकरण मला सर्वांत मोठें वाटतें, तें सांगून हा लेख आटोपतों. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली, तेव्हां हांगचौ येथील चच्यांग विद्यापीठ ग्रंथ, उपकरणें व विद्यार्थी ह्यांसह पश्चिमेकडे निघालें. मुक्काम हलवीत हलवीत १९४० सालीं तें क्वेइचौ प्रांतांतील डोंगराळ मुलखांत स्थिरावलें. त्या विद्यापीठांतील वांग फु-छुन आणि श्युंग छ्वान-च ह्या दोन गणितज्ञांनीं १९४२ सालीं एका अमेरिकन गणितविषयक मासिकांत टॅनग्रॅमवर एक सिद्धान्त प्रसिद्ध केला. प्रश्न असा: जिच्या कडेला कोठेंहि आंत शिरलेला कोपरा नाहीं, अशी आकृति ह्या सात तुकड्यांतून किती प्रकारांनीं होईल? त्यांनीं सातहि तुकडे मनानें सोळा लहान त्रिकोणांत मोडले. त्या त्रिकोणाच्या बाजू दोन जातींच्या, भुज व कर्ण. बौधायनांनाहि जो कर्ण 'किंचित् अधिक' म्हणून सोडावा लागला, तोच हा. भुजा कितीहि जोडल्या तरी कर्णांच्या कोणत्याहि संख्येशीं त्यांची लांबी बरोबर जुळत नाहीं; म्हणून अशा आकृतींत भुजेला भुजा व कर्णाला कर्णच भिडला पाहिजे. ह्या एका धाग्यानें सोळा त्रिकोणांच्या संभाव्य आकृति वीसच आहेत असें ठरलें, आणि त्यांपैकीं सात तुकड्यांनीं साधणाऱ्या तेरा: एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन, चार षट्कोन. उरलेल्या सात कोणालाहि, केव्हांहि, साधणार नाहींत.

दोघांपैकीं श्युंग पुढें अमेरिकेंत गेले आणि १९६७ सालीं भेदभूमितीचें एक नामांकित नियतकालिक त्यांनीं स्थापिलें. टॅनग्रॅमवरचा त्यांचा तो लेख चार पानांचा आहे.